निळ्या पट्ट्यांचा सदरा

जेवणं उरकल्यावर ताटं उचलता उचलता सूनबाईंनी बातमी दिली, सासऱ्यांना वाद घालायला सवड मिळू नये म्हणून.

"बाबा, रविवारच्या सामन्यात मी नाव दिलंय. आईंच्या बंदुकीवर."

सासरेबुवा हात धुवायला उठले होते, ते परत बसले.

"त्या बंदुकीचं निपल जाम आहे."

"माहीत आहे. म्हणून तर आज सांगतेय. आज सोमवार. पाच दिवस आहेत तुमच्याकडे."

"आणि नाही निघालं तर?"

"तर भोकमास्तरांना विचारून ठेवलंय. ते म्हणाले, आणा, पाच मिनिटांत ड्रिल मारून देतो."

एवढं बोलून त्या खाली दवाखान्यात निघून गेल्या. सूनबाई दातांच्या डॉक्टर. दवाखाना घराच्या खालच्या मजल्यावर, सासरेबुवांचं कामाचं टेबल वरच्या मागच्या खोलीत, आणि मुलगा नोकरीपायी महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे घरात भांडायला ही दोघंच, आणि ती दोघंही यात कसूर करत नसत.

भोकमास्तर म्हणजे नेमबाजी क्लबाचा बंदूक दुरुस्त करणारा. माणूस मनाने चांगला, पण हातात ड्रिल आलं की त्याला जगात दुसरा इलाज दिसत नसे. त्याच्या हातून सुटून आलेल्या दोन बंदुका आज क्लबाच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या, शोभेला. सासरेबुवांना सूनबाईंचा डाव कळला. नाव दिलं होतं सामन्याला, पण टोचायचं होतं सासऱ्यांना.

सासरेबुवांनी पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर स्क्रूंचे आटे पाडले होते. जगात जे जे फिरवून बसवतात त्यातलं निम्मं आपल्या हाताखालून गेलंय, असं ते सांगत, आणि ऐकणारा नवा असला तर 'निम्मं'चं 'पाऊण' होई. आणि त्यांच्याच घरात, कपाटाच्या मागे, एक आटा चौदा महिने घट्ट बसला होता.

बंदूक ठासणीची. जुन्या घाटाची, पण घडवलेली अलीकडची. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजाने खाली ठासायची, मागे आट्यांवर बसवलेल्या निपल नावाच्या छोट्या पोकळ नळीवर ठिणगी देणारी तांब्याची टोपी चढवायची आणि घोडा पाडायचा. बायको क्लबात तीस वर्षं हीच बंदूक चालवायची. सासरेबुवांनी आयुष्यात एक बार काढला नव्हता. आवाजाला ते दचकत. पण त्या काळ्या दारूची काजळी ओल ओढते, लोखंड खाते, म्हणून बार झाल्यावर तासाभरात गरम पाण्याने नळी धुवायची, निपल काढायचं, आट्यांना ग्रीस लावायचं, हे काम त्यांचं. "ठो तिचं, धू माझं," असं ते म्हणत. तीस वर्षांत एक खाडा नाही.

मग एका सामन्यात ती निशाण्यावर उभी असताना तिला भोवळ आली. तिथून इस्पितळ, आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. बंदूक कुणीतरी गवसणीत घालून घरी पोचवली. सासरेबुवांना ती आठवली तेव्हा दोन महिने झाले होते. निपलला पाना लावून पाहिला, ते हललं नाही. आपल्या चुकीने तिची बंदूक गेली, असं धरून त्यांनी गवसणीचा बंद बांधला आणि पुन्हा कुणापाशी विषय काढला नाही.

त्या सोमवारी दुपारी त्यांनी बंद सोडला. नळी व्हाइसच्या जबड्यात लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये आवळून धरली. निपलभोवती गंजाची तांबूस साय आली होती. कारखान्यातला पहिला धडा म्हणजे गंजलेल्या आट्याला ऊब द्यायची. त्यांनी गॅसची बत्ती शोधली, काडेपेटी घेतली.

"रिकामी आहे ना ती?" दाराशी सूनबाई उभ्या होत्या, हातात चहाचे दोन कप.

"तुझ्या सासूने कधी भरलेली बंदूक घरी आणल्याचं ऐकलंस?"

"नाही ऐकलं. पण या वेळी त्यांनी आणलीच नव्हती."

सासरेबुवांचा हात काडीवर थांबला. काडी पेटीत परत ठेवली, पेटी खिशात ठेवली, मग खिशातून काढून सूनबाईंच्या हातात दिली, तिकडे लांब ठेव म्हणून.

गज बायकोचाच होता, आणि त्यावर तिने खाच पाडून ठेवली होती: नळी रिकामी असली तर गज या खाचेपर्यंत आत जायचा. सासरेबुवांनी बाजूला उभं राहून गज हळूच नळीत सोडला. तळाशी टेकला. खाच चांगली चार बोटं बाहेर होती.

"भरलेली आहे," ते म्हणाले.

चौदा महिने भरलेली. तिने भोवळ येण्याआधी दारू ओतली होती, गोळी ठासली होती, आणि टोपी चढवायची राहिली होती. एवढं वय झालं, सगळ्या कारखान्याला काळजी घ्यायला शिकवलं, आणि आपण भरल्या बंदुकीला बत्ती लावणार होतो. सासरेबुवांनी गॅसची बत्तीही लांब सरकवली. सूनबाईंनी चहा पुढे सरकवला.

"आधी हा घ्या. मग दारू भिजवू. भिजली की संपलं ना?"

"भिजली की चिखल. पण पाणी जाणार कुठून? वरून गोळीने बूच मारलंय, मागून निपलचं भोक काजळीने भरलंय."

"किती बारीक आहे भोक?"

"टाचणी जाईल एवढं."

"मग सोपं आहे," सूनबाई म्हणाल्या. "मी दिवसभर दुसरं काय करते?"

त्या खाली जाऊन आपली आयुधं घेऊन आल्या: केसासारख्या सुईची पिचकारी, आणि दाताच्या मुळात घालायच्या लवचीक सळया. आधी भोकावर पाण्याचे थेंब सोडले आणि काजळी मऊ पडेपर्यंत वाट पाहिली. मग सळई दोन बोटांत धरून हलकेच फिरवत आत नेली. घासायचं नाही, ठोकायचं नाही, आणि नळीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, असं सासरेबुवा सारखं बजावत होते.

"बाबा, माझे पेशंट सुद्धा एवढं बोलत नाहीत."

"त्यांच्या तोंडात तुझा हात असतो."

अर्ध्या तासाने भोक मोकळं झालं. सूनबाईंनी पिचकारीने पाणी सोडलं, पुन्हा पुन्हा, काळं पाणी उलट बाहेर येईपर्यंत. रात्रभर ती तशीच ठेवली.

मंगळवारी गोळी काढायची होती. गजाच्या टोकाला सासरेबुवांनी एक तीक्ष्ण स्क्रू बसवला. नळीत घालून तो शिशात फिरवायचा आणि बाटलीच्या बुचासारखी गोळी ओढून काढायची. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा घट्ट धरला. सूनबाईंनी नळी पकडली, सासरेबुवांनी पाय रोवला आणि ओढलं. गज सुटला तसे सासरेबुवा मागच्या खुर्चीत जाऊन बसले, न बोलावता. गजाच्या टोकाला गोळी होती, आणि गोळीला चिकटलेली काळपट ओली चिंधी.

त्यांनी ती चिंधी वाटीत पाण्यात टाकली. काजळी सुटली. सासरेबुवांनी चष्मा वर केला, चिंधी नाकाजवळ धरली, मग उजेडात धरली.

"हा माझा सदरा आहे."

"कुठला?"

"निळ्या पट्ट्यांचा. जो हरवला. ज्याच्यावरून मी इस्त्रीवाल्याशी भांडलो. ज्याच्यावरून मी अजून त्याच्याशी बोलत नाही."

सूनबाई हात पुसायला लागल्या. जरा जास्तच वेळ पुसत राहिल्या.

"तुला ठाऊक होतं."

"आई म्हणाल्या, तो सदरा यांना अजिबात शोभत नाही, पण कापड मात्र गोळीला अगदी बरोबर बसतं."

"आणि इस्त्रीवाला?"

"त्याला आईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील."

सासरेबुवांनी चिंधी पुन्हा पाहिली. ती कात्रीने गोल कापलेली होती, कड अजून सरळ. भांडणाच्या वेळी बायको समोर बसून भाजी निवडत होती, मान डोलावत होती, आणि म्हणाली होती, हल्ली कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही. आधी त्यांचे ओठ हलले. मग ते हसायला लागले. चष्मा खाली पडला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसत पुसत पुन्हा हसले. चौदा महिन्यांत त्या खोलीत असा आवाज झाला नव्हता. खालून एक पेशंट वर डोकावला, दात दुखणारा गाल धरून, काय झालं म्हणून.

"काही नाही," सूनबाई म्हणाल्या. "चोर सापडला."

आता राहिलं निपल. नळी गरम पाण्याने धुवून दारूचा कण राहिला नाही याची दोनदा खात्री केली, तेव्हा कुठे सासरेबुवांनी काडेपेटी परत मागितली. रोज सकाळी गंज सोडवायचं पातळ तेल आट्यांच्या कडेला सोडायचं, दुपारी नळीच्या बुडाला बेताची ऊब द्यायची, वर पितळी ठोकणीने टिचक्या मारायच्या, आणि पाना लावायचा. बुधवारी हललं नाही. गुरुवारी हललं नाही. सुंभ जळला तरी पीळ जाईना. निपलचे दोन्ही सपाट पैलू अजून शाबूत होते, पण जोर केला तर पाना घसरणार, पैलू झिजणार, किंवा निपल मानेत तुटणार. मग भोकमास्तर आणि भिंतीवर तिसरी बंदूक.

गुरुवारी संध्याकाळी सासरेबुवांनी जोर केलाच. सूनबाईंनी त्यांचा हात धरला.

"बाबा, दात ओढायचा नसतो."

"मग काय करायचं असतं? विनवणी?"

"हलवायचा असतो. ओढला की मूळ तुटतं. आत एक केसभर, बाहेर एक केसभर. तो आपण होऊन जागा देतो."

"आत म्हणजे आवळायचं? जे सोडवायचंय ते आवळू? पस्तीस वर्षं आटे पाडले मी."

"पाडले. काढले किती?"

सासरेबुवांनी पाना खाली ठेवला. कारखान्यात सगळा माल नवाकोरा असायचा. गंजलेलं दुसऱ्या खात्यात जायचं.

शुक्रवारी दुपारी, पेशंट नसलेल्या वेळात, सूनबाईंनी पाना हातात घेतला. सासरेबुवा तेलाची पिचकारी घेऊन शेजारी. सूनबाईंनी पाना आवळायच्या दिशेला दाबला, हलकाच, आणि सोडला. मग उलट. मग पुन्हा. सासरेबुवा पाहत होते आणि दुसऱ्या हातात नॅपकिन चुरगळत होते. विसाव्या की पंचविसाव्या वेळेला निपल कुरकुरलं, अगदी बारीक, उंदराने पापड कुरतडावा तसं.

"तेल," सूनबाई म्हणाल्या.

सासरेबुवांनी तेल सोडलं. तांबडं पाणी आट्यांतून वर आलं. आत केसभर, बाहेर केसभर, मग बाहेर दोन केस. पाव फेरा. अर्धा फेरा. तिथे सूनबाईंनी पाना सासऱ्यांच्या हातात दिला. शेवटचे आटे सासरेबुवांनी बोटांनी सोडवले. निपल तळहातावर घेतलं. आटे काळे होते, पण एकही मोडला नव्हता.

"काढता येतं बरं का तुला," ते म्हणाले.

"फी पाठवते."

रविवारी क्लबावर ऊन छान होतं. सासरेबुवांनी नवा हिरव्या चौकड्यांचा सदरा घातला होता, काखेत गरम पाण्याचा थर्मास. भोकमास्तर ड्रिलची पेटी घेऊनच आला होता, न जाणो. निपल पाहून त्याने हिरमुसून पेटी मिटली.

सूनबाईंनी दारू मोजून ओतली. डबीतून चिंधी काढून तोंडाशी ठेवली, वर गोळी, आणि गजाने खाली ठासली, खाच किती बाहेर राहते ते पाहून. सासरेबुवा थर्मास ठेवायला वाकले.

"काका," भोकमास्तर म्हणाला, "तुमच्या सदऱ्याला मागे भोक आहे."

"भोक म्हटलं की तुलाच दिसणार."

पण पाठीला वारा लागत होता खरा. सासरेबुवांनी हात मागे नेला. विजारीतून सुटलेल्या टोकाला रुपयाएवढा गोल काप होता, कड सरळ, शेजारी आणखी चार. त्यांनी सूनबाईंकडे पाहिलं. त्या निशाण्याकडे पाहत होत्या, फार लक्ष देऊन.

"खोचला की दिसत नाही, बाबा," त्या मान न वळवता म्हणाल्या. "आईंनीच सांगितलंय."

"शोभत नव्हता का हाही?"

"अजिबात नाही."

टोपी चढली. घोडा मागे आला. सासरेबुवांनी सवयीने कानांवर हात ठेवले, आणि मग काढले. बार झाला, पांढऱ्या धुराचा लोट पुढे गेला, आणि ते दचकले, नेहमीसारखेच. धूर विरला तेव्हा गोळी निशाण्याच्या मधल्या वर्तुळाच्या कडेला लागलेली दिसली. बक्षीस मिळण्याजोगी नव्हे, पण कागदावर होती.

पाच बार झाले, पाच चिंध्या उडाल्या. सूनबाईंनी बंदूक त्यांच्या हातात दिली, नळी अजून ऊन. सासरेबुवांनी घड्याळ पाहिलं, झाडाखालच्या बाकावर बसले, थर्मासचं झाकण उघडलं आणि निपलला पाना लावला. ते पहिल्याच फेऱ्यात सुटलं. पाण्याची पहिली काळी धार गवतात गेली, सदऱ्याचं भोकं पडलेलं टोक वाऱ्याने फडफडत होतं, आणि घरी जाताना इस्त्रीवाल्याकडे थांबायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं.