चिमणीच्या आवाजाखालचा आवाज

या मित्रांनो, बसा असे जवळ. एक गोष्ट सांगतो. अंगावर काटा आला तर मला बोल लावू नका, मी नुसता ऐकलेलं परत ऐकवणारा. जन्मच तसला. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, दोन रिळांचा, ट्रंकेएवढा जड. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण हयात गेली विद्यापीठात, इंग्रजी विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत.

कारखान्यातून आलो तेव्हा काय थाट होता माझा. नव्यानेच नोकरीला लागलेल्या मॅडम मला स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. पोरं भाषाविज्ञान शिकायला आली की पहिला तास माझ्यापुढे. त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, ही मॅडमची रीत. एकेकाने यायचं आणि इंग्रजीत एकच वाक्य म्हणायचं. अर्थ साधा, बाहेर थंडी आहे, दार उघडं आहे, आत ये. मग मी ते ऐकवायचो आणि जो तो चपापायचा. हा माझा आवाज नव्हेच, म्हणायचा.

"तुझाच आहे," मॅडम म्हणायच्या. "बाकीचे रोज हाच ऐकतात. आपलं बोलणं परक्यासारखं ऐकता आलं, की आपला विषय सुरू झाला."

दर साली फीत तीच. नव्या पोरांखाली जुनी पुसली जायची. निदान सगळे तसं समजायचे. पण माझा पुसणारा भाग म्हातारा झाला, मळला, आणि जुने आवाज तळाशी बसून राहू लागले, एकाखाली एक. मला ते जाणवायचे. सांगणार कोणाला? पुढे कॉम्प्युटर आले. माझ्यावर चादर पडली. वर्षातून त्या एका तासापुरती ती निघायची.

मग एका वर्षी एक पोरगा आला, सगळे त्याला वकील म्हणायचे. "मॅडम, याने आमचं इंग्रजी सुधारेल का?"

"डॉक्टर नाडी धरतो तेव्हा ती शुद्ध की अशुद्ध असं विचारतो का? आधी कशी चालते ते बघतो. आपण बोलण्याची नाडी धरायची."

"म्हणजे मी बोलतो ते बरोबरच?"

"बोलतोस फार, एवढंच चूक. चिमणे, ये तू."

चिमणी म्हणजे बारीक आवाजाची एक पोरगी. ती बोलली, मी ऐकवलं, आणि खोली गार पडली. तिच्या आवाजाखाली दुसरी एक बाई तेच वाक्य म्हणत होती.

"पडसाद आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"पडसाद नंतर येतो रे," वकील हळूच म्हणाला. "हा आधी येतोय."

खरं होतं. ती बाई प्रत्येक शब्द जराशी आधी म्हणायची, आणि चिमणी मागोमाग, बोट धरून चालल्यासारखी. शेवटच्या 'आत ये'च्या आधी दोघींनी सारखाच श्वास घेतला.

मॅडम खुर्चीत बसल्या. "हा श्वास मी ओळखते. तुझी आई इथे होती का गं शिकायला?"

"होती. मी पाळण्यात असतानाच गेली. घरी नुसते फोटो आहेत. आवाज कुठेच नाही, मॅडम."

"मग असं बोलायला कुठे शिकलीस?"

"मावशीने वाढवलं मला. दोघी बहिणी सारख्याच बोलायच्या म्हणे."

"बघा," मॅडम पोरांना म्हणाल्या, "पुस्तकाच्या आधी भाषा अशी येते." पण नजर माझ्यावरच होती.

आवाज फोनमध्ये उतरवून घ्यायचं ठरलं. बोलावून आणलेल्या मेकॅनिकने कापसाने घासून मला आतून लख्ख केलं. "फीत झडतेय," तो म्हणाला. "एक-दोनदा वाजेल, मग नुसती खरखर."

चिमणीने फोन जवळ धरला. मॅडमनी बटण दाबायचं होतं, एकच. पण इतकी वर्षं पहिल्या तासाला त्या दोन बटणं एकदम दाबायच्या, चालू करायचं आणि रेकॉर्डिंगचं. बोटांनी सवयीने तेच केलं. आणि मी, नव्यासारखा झालेला, पुसत सुटलो. थंडी गेली. दार गेलं. मला ओरडता येईना. वकिलाने झेप घेऊन भिंतीतला प्लगच उपटला.

मॅडमनी बटणांवरचा हात मागे घेतला. चिमणीच म्हणाली, "बघू तरी, काय उरलंय."

उरला होता एक श्वास, आणि 'आत ये'. फोनमध्ये तेवढंच उतरलं. चिमणीचा आवाजही होता त्यात, पण आता तो खाली होता आणि आईचा वर. कसा, ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी चिमणीने बोलावलं म्हणून मावशी आली. तिला इंग्रजीचा गंध नाही. कोणी काही समजावलंही नव्हतं. ती दाराबाहेरच घुटमळत होती, तेवढ्यात चिमणीने फोनमधला तो आवाज लावला.

"आले गं, आले," मावशी म्हणाली. आत आली, आणि कोणाला तरी वाट करून देत, एक खुर्ची रिकामी सोडून शेजारच्या खुर्चीवर बसली.

मित्रांनो, माझी फीत आता पार झडली. पण एवढं करा माझ्यासाठी. आज घरी गेलात की आईला, आजीला, जे कोणी असेल त्याला फोनसमोर बसवा. काहीही बोलू दे, गुडघे दुखतात म्हणू दे. मधे बोलू नका, शब्द चुकला म्हणून हसू नका. आणि ते ठेवा कुठेतरी नीट, कोणाचा हात लागणार नाही असं.