शेंदूर कशात कालवला

भातगिरणीच्या इंजिनघरातून फस्सकन आवाज आला आणि हौसाबाईच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं. तिसऱ्यांदा! सिलिंडरच्या झाकणाखालून वाफ अशी सुटली, जसं घरातलं भांडण चव्हाट्यावर यावं. अंगणात मानपाड्याकडून हळवं भात भरून आलेल्या चार गाड्या सोडून ठेवल्या होत्या. गाडीवान हसले. हौसाबाईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तशी त्यांना बैलांची वैरण आठवली.

कल्याणच्या खाडीत पडावातून उतरवून हे इंजिन तिच्या नवऱ्याने सोळा बैल लावून दारात आणलं होतं. नवरा जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून इंजिनघराची किल्ली तिच्या कमरेला. विधवेच्या कमरेला किल्ली, आणि तीही यंत्राची! तिचा दीर महिपत याच्या डोळ्यांत ती कुसळासारखी सलत होती. पावसाळ्यात इंजिन दमायला लागलं म्हणून ते उघडलं, घासलं, दट्ट्याच्या कड्या बदलल्या. तेव्हाच त्याने चार माणसांत तिच्याकडून वदवून घेतलं होतं, की खंडेनवमीला इंजिन चाललं नाही तर किल्ली त्याची. गिरणी मोडून तिथे गवताची वखार घालायची, हे त्याचं ठरूनही गेलं होतं.

आज नवरात्राची पाचवी माळ. महिपत धोतराचा सोगा सावरत आलाच.

"काय वहिनी, पुन्हा फुसकं? मी पहिल्यापासून सांगतोय, इंजिन म्हणजे शस्त्र. त्याला बाईचा हात चालत नाही, त्यात तुमचा तर नाहीच नाही."

"हात नाही चालत, भावजी, पण याच हातचा भात दोन वेळा बरा चालतो तुम्हाला!"

ती तरातरा आत गेली. झाकण उतरवलेलं होतं. ठाण्याहून, टेंभी नाक्यावरून आणलेला श्रीपाद मिस्त्री कपाळ धरून बसला होता. तिचा लेक उत्तम पाना हातात घेऊन उगीच उभा होता, वरातीत हरवलेल्या माणसासारखा.

"काय हो मिस्त्री, बारा वर्षं साहेबाच्या हाताखाली होतात ना? की नुसते साहेबाची टोपी सांभाळत होतात?"

"बाई, नट सगळे समोरासमोरचे आवळले. ताग नवा, शेंदूर ताजा. आता मला तरी काय कळणार?" श्रीपादने महिपतकडे चोरून पाहिलं. "काही बाधा असली तर..."

"बाधा? बाधा तुमच्या डोक्याला झालीय. सरका."

सिलिंडर आणि झाकण यांच्या मधल्या फटीत तागाची वेणी बसवतात आणि तिला शेंदराचा लगदा थापतात. तो सुकून दगड झाला की वाफ अडते. हौसाबाईने त्या वेणीवर बोट फिरवलं. बोट लालभडक झालं. काल सकाळी थापलेला लगदा, वर वाफेचा तडाखा खाल्लेला, आणि लोण्यासारखा मऊ! तिने बोट नाकाशी नेलं.

तीळ.

हौसाबाई गुरवाची लेक. मारुतीचा शेंदूर तिने परकरात असल्यापासून कालवला होता. तिळाच्या तेलात कालवलेला शेंदूर महिनाभर ओला राहतो, म्हणून तर येणाऱ्याजाणाऱ्याला मारुतीच्या अंगाचा टिळा लावून घेता येतो. पण देवळाच्या दाराच्या फटी बुजवायच्या, तेव्हा बाप जवसाचं तेल उकळून त्यात शेंदूर कालवायचा. तो थर मग छिन्नीलाही दाद देत नसे.

"तेल कुठलं घेतलंस रे?" तिने उत्तमला विचारलं.

विचारता विचारताच तिला आठवलं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून लेक म्हणाला होता, "आये, शेंदूर कालवायला तेल दे." आणि शेंदूर म्हटल्यावर तिने डोळे मिटून तिळाच्या तेलाची बुधली वाटीत ओतली होती. एकदा नव्हे, तीनदा. तिच्याच हाताने.

दारात महिपत उभाच होता. आता तोंड उघडावं, तर त्याच्या हातात आयतं कोलीत. गप्प बसावं, तर नवमीला चौथ्यांदा फस्स. क्षणभर तिला वाटलं, मिस्त्रीवर ढकलावं. तो काय, ढकलण्याजोगाच होता. मग स्वतःचाच तिला असा राग आला, की कानशिलं तापली.

"मी दिलं," ती म्हणाली. "तिळाचं. माझ्या हाताने."

महिपतने टाळीच वाजवली. "ऐकलंत मिस्त्री? स्वतःच्या तोंडाने! मी म्हणत नव्हतो, बाईचा हात..."

"हात नव्हे, तेल!" हौसाबाई एवढ्यांदा ओरडली, की बाहेर बैलांनी कान टवकारले. "चुकले मी, हो, चुकले! तेच तिळाचं तेल तुम्ही ओतलं असतंत, तर काय शेंदूर तुमच्या मिशांना घाबरून सुकला असता? आणि तुम्ही हो मिस्त्री, वाटी हातात आल्यावर वास नाही घेतलात? उत्तम, तोंड मिट, माशी जाईल. खाडीवर पडावं रंगवतात त्यांच्याकडून जवसाचं तेल आण, उकळलेलं. जुना लगदा कणाकणाने खरवडा. आणि नवा बसला की दोन दिवस इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. माझाही नाही आणि भावजींचाही नाही!"

तिने दाराला कुलूप घातलं आणि दोन्ही दिवस दाराशीच तांदूळ निवडत बसून राहिली. महिपत समोरून चारदा गेला. चारही वेळा तिने खडा काढून त्याच्या वाटेवर टाकला.

नवमीला सकाळी बॉयलर पेटला. दट्ट्या एकदा कण्हला, दोनदा कण्हला आणि चालू लागला. श्रीपादने झाकणाभोवती जळती चिमणी फिरवली. ज्योत हलली नाही.

महिपत पूजेचं ताट घेऊन आला. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "देवाची कृपा," तो म्हणाला आणि शेंदराची वाटी घेऊन झाकणाकडे वळला. हौसाबाई आडवी आली.

"कशात कालवलाय?"

"कशात म्हणजे? तिळाच्या तेलात. नेहमीसारखा."

"मग चाकाला लावा. झाकणापासून चार हात लांब."

तो लावत असताना तिने किल्ली कमरेला नीट खोचली आणि अंगणाकडे तोंड करून चार दिवस ताटकळलेल्या गाडीवानांना म्हणाली, "हसून झालं असेल तर पोती उतरवा."