दात न बघता घेतलेली

मी एक रॅम बोलतेय. लॅपटॉपच्या पोटात बसते ती, आठ जीबीची, बोटभर लांबीची हिरवी पट्टी. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग आणि त्या रांगेत एक खाच. माझी सारी कुंडली त्या खाचेत आहे. तुम्ही म्हणाल, वीज गेली की सगळं विसरणारी जात तुझी, तुला एवढं आठवतं कसं? अहो, मला अजून वीज मिळालीच नाही, मग विसरू कधी?

जन्म परदेशी कारखान्यातला, पण शहाणपण आलं ते नगरच्या दुकानात, काचेखाली बसून. चार महिन्यांत गिऱ्हाइकं ओळखायला शिकले. ‘बघतो, येतो’ म्हणणारा येत नाही. आणि जो काहीच विचारत नाही, तो घेऊन जातो आणि पस्तावतो.

भिमाजीनाना दुसऱ्या जातीचे. काष्टीचे बैलांचे व्यापारी. चाळीस वर्षं बाजारात, बैलाचा जबडा उघडून दात बघितले की वय सांगणार. त्यांच्या लेकीचा, ज्ञानेश्वरीचा, लॅपटॉप जुना, चार जीबीचा. नोकरीची परीक्षा घरून द्यायची, सोमवारी दहा वाजता. सरावाच्या दोन परीक्षांत लॅपटॉप मधेच अडकला होता. खऱ्या परीक्षेत अडकला, तर दुसरी संधी नव्हती.

पोरीने बजावलं होतं, लॅपटॉप संगं न्या. नाना तसेच आले.

“काका, मॉडेल कोणतं?” दुकानदाराने विचारलं. “मशीन आणलंय का?”

“जनावर घ्यायला जाताना गोठा संगं न्यायचा असतो व्हय?” नानांनी मोबाईलवर जुन्या रॅमचा फोटो दाखवला. “ह्यो बघा. रंग त्योच, लांबी तीच. ह्याच्यावर डीडीआर तीन लिवलंय, हिच्यावर चार. दांडगं कोन? तीन का चार?”

“काका, आकडा मोठा म्हणून बसेलच असं...”

“बांधा.”

बांधली. नानांच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी बसून मी काष्टीला आले. वाटभर मनात एकच, आज आपल्याला वीज मिळणार.

रविवारी सकाळी ज्ञानेश्वरीने लॅपटॉप उघडला. मला खोबणीवर ठेवलं. माझी खाच एकीकडे, खोबणीतली मेख दुसरीकडे. नानांनी अंगठा टेकवला.

“नाना, दाबू नका!”

“नवं जनावर हाय, बुजतंय जरा.”

“खोबण मोडली तर उद्या मी कशावर परीक्षा देऊ?”

चुलीपाशी बसलेली ज्ञानेश्वरीची आई, मालनबाई, म्हणाली, “अवो, सोडा तिला. बैल न्हाई ती, येसण घालायला.”

मग वरात निघाली गावातल्या खाजाभाईंकडे. ते लॅपटॉप दुरुस्त करतात आणि नानांना लहानपणापासून ओळखतात. त्यांनी मला कडांना धरून उचललं, जुनीला शेजारी ठेवलं आणि भिंग नानांच्या हातात दिलं.

“नाना, दात बघितले हुते का?”

नाना भिंग उलटसुलट करत राहिले.

“बाजारात समद्यांना तुमीच सांगता ना, रंगावर जाऊ नका, तोंड उघडा म्हनून? बघा आता.”

नानांनी चष्मा पुसला. एकदा माझ्याकडे, एकदा जुनीकडे. बराच वेळ बघितलं. मग पोरीकडे न बघता म्हणाले, “चुकलं माजं. तू सांगत हुतीस.”

ज्ञानेश्वरी चमकून त्यांच्याकडे बघू लागली. तिने वडिलांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

नगरला जाऊन बदलून आणायला वेळ नव्हता. खाजाभाईंनी जुनीवर चिकटवलेली माहितीची चिठ्ठी वाचली. “तीनचीच पायजे, आन् तीबी कमी व्होल्टची. दुसरी बसंल, पर मशीन उठंलच असं न्हाई.” त्यांच्या लेकीचा, अरफाचा, लॅपटॉप पडदा फुटून धूळ खात होता. त्यातली आठ जीबीची काढली, चिठ्ठी ताडून बघितली, बसवली. पडदा उजळला. मी टेबलावरून बघत होते. खोटं कशाला बोलू, पोरीचा चेहरा बघून बरंही वाटलं आणि आतून जळलंही.

सोमवारी लॅपटॉप दोन तास हूं की चूं न करता चालला. महिन्याभराने नोकरीचं पत्र आलं. नाना पेढे घेऊन खाजाभाईंकडे गेले. मी खिशातच होते.

“नाना, ती चारवाली द्या मला. कुनाला तरी बसंल.”

“न्हाई,” नानांनी खिशावर हात ठेवला. “पोरगी पहिल्या पगारात नवा लॅपटॉप घेनारे. मी संगं जानार. हिचे दात बघूनच त्यो घेनार.”

“अवो, रॅमला लॅपटॉप शोधतं का कुनी?”

“एक बैल दावनीला असंल तर जोडीदार त्याला साजंल तसाच बघावा लागतो गड्या.”

तर कालपर्यंत मी खिशातच होते, तंबाखूचा वास सोसत. बाजारच्या दिवशी नाना मला बाहेर काढून नव्या व्यापाऱ्यांना दाखवतात, “दात न बघता घेतलेलं माजं हे एकच जनावर,” आणि स्वतःच सगळ्यात आधी हसतात. तुम्ही मात्र माझ्या बहिणी घ्यायला जाल तेव्हा लॅपटॉप सोबत न्या, निदान जुनीवरची चिठ्ठी तरी वाचा. आणि नाही बसली, तर अंगठा काढून घ्या.

पगाराला आता अकरा दिवस राहिलेत. काल रात्री नाना मला पुडीपासून वेगळं करून चष्म्याच्या डबीत ठेवत म्हणाले, “दमानं. आलंच आता.”