आडवी मान

सप्टेंबरात सगळं प्लोव्दिव हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजतं. माझेही हात काळ्या सालींनी कोपरापर्यंत माखले होते. जर्मनीहून सुट्टीवर आलेल्या माझ्या मुलानं, बोयाननं, माझ्या कानात इअरबड खुपसले.

"बाबा, अपडेट केलेत. आता हात लावायला नको. नुसती मान हलव, की फोन घेतला जातो."

"दर आठवड्याला नवं खूळ!" मी खेकसलो.

तेवढ्यात कानात आवाज आला, 'झ्लाटकाचा फोन. घ्यायचा?'

माझी बहीण! द्राक्षमळ्यावरून भांडलो, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद. मी जोरात मान आडवी हलवली. आम्ही बल्गेरियन 'हो' असंच म्हणतो. फोन कट झाला. पुन्हा आला, पुन्हा मान हलवली, पुन्हा कट. तिसऱ्यांदाही तेच.

"मुद्दाम कापतेय भवानी! खेळ लावलाय नुसता!" रागाच्या भरात मी उलट फोन केलाच नाही.

चौथ्या दिवशी तिच्या दफनाला भाची नेवेना मला म्हणाली, "मामा, आईनं दवाखान्यातून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू कापलास."

बोयानचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, त्या यंत्राला आडवी मान म्हणजे नकार. माझ्या लक्षातच आलं नाही."

नेवेनानं विचारलं, "तुला बोलायचं होतं तिच्याशी?"

मी नुसती मान हलवत राहिलो, आडवी, आडवी. तिला ते बरोबर कळलं, आणि तिनं हंबरडा फोडला.