मथुराआजींच्या नावासमोरची जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण जन्मलो तेव्हा फळा नव्हतो. देवबागच्या एका होडीची लाकडं, तेच माझं अंग. होडी थकली तेव्हा सुताराने तिच्या चार फळ्या तासून जोडल्या, काळा रंग दिला आणि मला जवळच्याच एका वृद्धनिवासात नेऊन टांगलं. अजूनही हवा दमट झाली की माझ्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास सुटतो.

माझ्या डाव्या बाजूला कामं लिहिलेली असत. संजनाताई सगळं पाहणाऱ्या, प्रितम गाडीवर आणि गेटवर, विमलाबाई स्वयंपाकाला. उजव्या बाजूला आजी-आजोबांची नावं आणि अडचणीच्या वेळी कळवायचे फोन नंबर. नंबर बहुतेक मुंबईचे. मुलं तिकडे, म्हणून नंबरही तिकडचे. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

रोज सकाळी संजनाताई माझ्यासमोर उभ्या राहून कामं वाचून दाखवत. मोठ्या माणसांनाही रोज तेच तेच ऐकायचा कंटाळा येतो बरं का! मग एकदा प्रितमने त्याचं गाऱ्हाणंच करून टाकलं. देवळात गावकर देवाला हाक घालतात ना, तशा आवाजात तो म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आज कोणाक बरा नाय वाटला, तर डाक्टराक बेगीन बोलवंक व्हया, गेट उघडूक व्हया, रे म्हाराजा!"

सगळे एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

आजी-आजोबाही हसत हसत सामील झाले. तेव्हापासून रोज हेच. मला फार आवडायचं. घर कसं भरून जायचं!

पण एका संकष्टीला काय झालं, ऐका. मथुराआजींना साखरेचा आजार. त्यांनी उपास धरला, पण गोळी मात्र सवयीने घेतली. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली आणि त्या खुर्चीतच कलंडल्या. संजनाताईंनी डॉक्टरांना फोन लावला. विमलाबाई धावत आल्या, प्रितम धावत आला, सगळेच आले. एकाने पाय चोळले, दुसऱ्याने वारा घातला. चुलीवरची पेज करपली. डॉक्टर स्कूटरवरून आले आणि बंद गेटाबाहेर हॉर्न वाजवत बसले. गेट उघडायला रोज सगळेच "व्हय" म्हणत होते, म्हणून त्या दिवशी कुणीच गेलं नाही. शेवटी बिचारे डॉक्टर कुंपणावरून उडी मारून आत आले. बॅग आधी टाकली, मग स्वतः.

सुई टोचली, आजी शुद्धीवर आल्या. सगळ्यांकडे नीट पाहून म्हणाल्या, "मेल्यांनू, माझे पाय रगडूक धा जण, आणि गेटार एक नाय? डाक्टर वंयवरसून येता, म्हणजे तो काय माकड?"

कुणाला हसू आलं नाही.

त्याच दुपारी त्यांच्या मुलाचा, ओमकारचा, मुंबईहून फोन आला. संजनाताईंनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी निघालो तरी उद्या पोचणार. तोवर तिच्याजवळ आमचं कोण?"

संजनाताईंनी तेव्हाच खडू उचलला. दुसऱ्या दिवसापासून एका सुरातला होकार बंद झाला. ज्याचं काम, त्याने एकट्याने उठून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. प्रितम गेटाला, विमलाबाई आधी चूल बंद करून मग इतर आजी-आजोबांजवळ, संजनाताई आजाऱ्यापाशी. आणि मुंबईच्या नंबराआधी माझ्यावर नवा रकाना आला: चालत येऊ शकेल असं माणूस. इस्पितळात आजाऱ्यासोबत तेच जाणार होतं. इथल्या कामाच्या माणसांतलं कुणी गेलं तर बाकीच्या आजी-आजोबांना पाहणार कोण?

सगळ्यांची जागा भरली. शेजारी निघाले, भाचे निघाले, एका आजोबांचा तर न्हावी निघाला. मथुराआजींची जागा मात्र रिकामी राहिली.

"तुमची जाऊ आहे ना, पलीकडच्या वाडीत?" संजनाताईंनी विचारलं.

"जानकी? तिचा नाव घालशीत तर मी हयसून चलत जातलंय!"

दोघींचं भांडण एका माडावरून. माड हद्दीवर, नारळ दोघींच्या अंगणात पडायचे. जानकीबाई रोज टोपली घेऊन मासे विकायला आमच्या गेटाशी यायच्या. मथुराआजी तेवढ्यापुरती पाठ फिरवायच्या.

मग एका अवकाळी वादळात वीज गेली, फोनही मुके झाले. मथुराआजींना धाप लागली. या वेळी प्रितमने गेट उघडलं, गाडी दारात लावली. विमलाबाईंनी चूल विझवली. सगळं जागच्या जागी. पण गाडीत सोबत कोण बसणार? संजनाताई माझ्याकडे पाहत राहिल्या. माझ्यावर त्यांना दाखवायला नाव नव्हतं.

पागोळ्यांखाली टोपली घेऊन जानकीबाई उभ्या होत्या.

"कोणाक नेतास?"

"मथुराआजींना."

"आणि वांगडा कोण?"

"कोणीच नाही."

"नाय कसा? मी काय मेलंय?" त्यांनी टोपली विमलाबाईंच्या हातात दिली. "बांगडे मांजराक गावंक देव नको." आणि पदर खोचून गाडीत चढल्या.

मथुराआजी बऱ्या होऊन परत आल्या, तेव्हा त्यांच्या नावासमोर संजनाताईंनी खडूने 'जानकी' लिहिलेलं होतं. आजी माझ्यासमोर येऊन थांबल्या. ओलं फडकं त्यांच्या हाताशीच होतं. त्यांनी ते उचललं. आता नाव पुसणार, असंच मला वाटलं.

आजींनी नावाभोवतीची खडूची धूळ तेवढी पुसली.

"संजना, ह्या खडून नको गो. रंगान लिव. खडू पुसान जाता."

तो पांढरा रंग आजही माझ्या अंगावर आहे. मित्रांनो, आज घरी गेलात की एवढं विचारा: आपल्याकडे कुणाला बरं नसलं तर चालत कोण येईल? आणि दार उघडायला आपल्यातलं नेमकं कोण जाईल? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकाच नावाचं असू द्या. चालत येऊ शकेल त्या माणसाशी तुमचा अबोला असेल, तर आधी तो सोडा.