जागची न हलणारी लिफ्ट

लिफ्ट सुरू झाली की सासूबाईंच्या पोटात गोळा यायचा. "जीव खालीच राहतो माझा," असं म्हणून त्या सुनेकडे रोखून बघायच्या. सून लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर होती आणि इमारतीतली लिफ्ट नेमकी त्याच कंपनीची होती.

शेवटी सुनेने ते मनावर घेतलं.

"आई, वेगाने माणसाला काही होत नाही. विमानात तुम्ही चक्क घोरता. जागा बदलते तो वेग, वेग बदलतो ते त्वरण, आणि त्वरण एकदम बदललं की बसतो धक्का. कॅल्क्युलस म्हणजे हेच."

"म्हणजे बदलाच्या बदलाचा बदल!" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या माहेरी सरळ काही बोलतच नाहीत का गं?"

सुनेने लिफ्टच्या वेगाचा आलेख नव्याने आखला. कुठे कोपरा नाही, कुठे उडी नाही, सुरुवात आणि शेवट लोण्यासारखे मऊ. काठोकाठ भरलेला पेला घेऊन ती वरपर्यंत गेली. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. तिला अगदी धन्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळा गोंधळ उडाला. दातांचे डॉक्टर दवाखान्याच्या मजल्यावर पोचले, "बंद पडली वाटतं," म्हणाले आणि दिसेल ते बटण दाबत परत खाली आले. त्यांचे पेशंट वर गाल धरून बसलेले. सासूबाई तर दुपारभर सापडेनात. अखेर लिफ्टचं दार उघडलं, तर आत स्टूल टाकून विणत बसल्या होत्या.

"कधी निघते कोण जाणे, म्हणून बसलेय," त्या म्हणाल्या. तोवर त्या कितीतरी वेळा वरखाली होऊन आल्या होत्या.

रहिवाशांची तातडीची बैठक भरली. तक्रार एकच: लिफ्ट जागची हलत नाही. सुनेने मोबाइलने टिपलेलं त्वरण भिंतीवर दाखवलं. "याचे बारीक बारीक तुकडे जोडत गेलं की वेग मिळतो. वेगाचे तुकडे जोडले की अंतर. हे बघा, लिफ्ट वर गेली!"

सर्वात वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश चष्मा पुसत उठले. "आलेख वर गेला, हे मान्य. पण मी गेलो का?"

सुनेने लिफ्टमधला मजल्याचा आकडा दाखवावा, तर "आकडा काय, कुणीही बदलेल." खिडकीतून खाली बघा म्हणावं, तर "रस्ता खाली गेला असेल."

"मग धक्का परत घाल," सासूबाई म्हणाल्या. "पण बेताचा."

बेताचा म्हणजे किती, यावरून हमरीतुमरी झाली. सगळे दाटीवाटीने लिफ्टमध्ये शिरले आणि सून लॅपटॉपवर धक्का वाढवत गेली. डॉक्टरांना नुसती चाहूल पुरे होती. न्यायाधीशांना ठसठशीत हवा होता. सासूबाई पोटावर हात ठेवून "अजून थोडा... अजून... हां, बस!" करत होत्या. दार उघडलं तेव्हा न्यायाधीश भिंत धरत बाहेर पडले. "आता पोचल्यासारखं वाटलं," म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

ही वार्ता कंपनीत गेली. धक्के घालवण्याचं गणित शिकण्यात सुनेची उमेदीची वर्षं गेली होती. साहेबांनी तिला बढती दिली, ती धक्के बसवायला. ती खट्टू होऊन घरी आली.

सासूबाई मात्र शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "आमच्या सुनेच्या हाताखाली आता माणसं आहेत. मोठमोठ्या इमारतींना धक्के देते!"