लाल चिंधीची काकडी

मी गिरगावातली. लग्न होऊन आगाशीच्या वाडीत आले तेव्हा काकडी वेलाला लागते, एवढंच मला ठाऊक होतं. माझ्या सासूबाई, नर्मदाबाई, कवडीचुंबक आहेत हे मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं. विझलेल्या चुलीतली राख चाळून ठेवायच्या, फाटक्या लुगड्याच्या चिंध्या जपायच्या. राखेची काय श्रीमंती, असं मी यांना विचारलं, तर हे नुसते हसले.

त्र्याहत्तर सालच्या भाद्रपदात माझे दादा, म्हणजे वडील, अचानक भेटायला आले. सासूबाई विरारच्या बाजारात भाजी विकायला गेल्या होत्या आणि घरात गोडाधोडाचं काही नव्हतं. मांडवावर एकच काकडी पिकून पिवळीधमक झाली होती. देठाला लाल चिंधी होती, ती दृष्ट लागू नये म्हणून असेल असं मला वाटलं. एवढी जून काकडी बाजारात घेणार कोण? मी तोडली, किसली, रवा-गूळ घालून माझ्या आईसारखं धोंडस केलं. बिया म्हशीच्या घमेल्यात टाकल्या. तिनं त्या फस्त केल्या.

"पोरगी सुगरण झाली हो!" दादा म्हणाले. मी फुलून गेले.

सासूबाई आल्या, त्यांनी मांडवाकडे पाहिलं आणि डोक्यावरची पाटी न उतरवता तशाच उभ्या राहिल्या.

"बियान्याची काकडी कोनी तोडली?"

यांनी मला हळूच सांगितलं. ही पातळ सालीची, कधी कडू न निघणारी काकडी पणजोबांपासूनची, गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. बियाण्यासाठी चिंध्या बांधून तीन राखल्या होत्या. दोन पावसानं कुजल्या, उरली ती ही. दादांचा घास हातातच राहिला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. चार पिढ्यांचं बी मी एका बशीपायी म्हशीला घातलं होतं.

सासूबाईंनी पाटी उतरवली. त्यांनी माळ्यावरून राखेनं भरलेली बाटली काढली. राखेत गेल्या सालचं बी होतं.

"जुनं हाय. रुजतंय का बघू."

दहा बिया ओल्या फडक्यात बांधून त्यांनी चुलीजवळ ठेवल्या. दादा दुसऱ्या दिवशी निघणार होते, पण इथली हवा मानवली म्हणून राहिले. मी सारखी फडकं सोडून बघायचे.

"अंडी न्हाय गो ती, उबवू नको!" सासूबाई ओरडायच्या.

चौथ्या सकाळी नऊ बियांना पांढरे कोंब आले होते. मी तिथंच रडायला लागले. दादा "सुटलो बाई!" म्हणाले आणि त्यांनी पिशवी भरायला घेतली.

"आई, बी शिल्लक कसं राहिलं?" मी डोळे पुसत विचारलं.

"सगलं बी कधी पेरायचं नसतं. दर साली अर्धं ठेवायचं. माझ्या सासूनं शिकवलंय."

"पाऊस कुजवील म्हणून?"

"पाऊस कुजवील, उंदीर खाईल..." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "नायतर घरात सून येईल."

चार दिवसांत पहिल्यांदाच मी हसले, आणि त्याही.

पुढच्या महिन्यात माझ्या थोरल्याचं लग्न आहे. सून दादरची. मी दोन बाटल्या भरून ठेवल्यात.